चादरी स्वतःच्या आणाव्यात

६ एप्रिल

ठरलं एकदाचं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाचही जण समुद्रावर जाणार. मी, हे, थोरली, धाकटी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. थोरलीला नोकरी लागली आहे आणि जूनमध्ये ती जाणार ती इतकी लांब, की वर्षातून एकदा तोंड दिसलं तरी पुष्कळ. आईंनीही पंचाहत्तरी ओलांडली. तेव्हा पाचही जण एका छपराखाली चार दिवस निवांत, हे आत्ता झालं तर झालं. मी सगळ्यांना बजावलंय, एक जरी गळला तरी ट्रिप रद्द.

परवडेल अशी जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मीच ओढून घेतलं. हे लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "लिफ्ट नसलेली कुठलीही इमारत चालेल. तीच माझी सुट्टी."

तसा माझा हक्कच आहे त्या कामावर. किनाऱ्यावरच्या निम्म्या लॉजच्या चादरी आमच्या लॉन्ड्रीत येतात आणि डाग काढायच्या टेबलावर मी मुख्य आहे. गठ्ठे मिसळू नयेत म्हणून प्रत्येक लॉजच्या चादरीला कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा दोरा शिवलेला असतो. आम्ही लॉजची नावं घेतच नाही. लाल दोरा, हिरवा दोरा, दुहेरी निळा. शितावरून भाताची परीक्षा, तशी चादरीवरून लॉजची. जाहिरातीतले फोटो खोटं बोलतात, चादरीला ते जमत नाही.

जेवताना मी हेच सांगत होते. "लॉजच कशाला, चादर बघून मी माणूस सांगते. किती वेळ झोपला, काय खाल्लं, कुणाशी भांडला."

"भांडण कसं कळतं?" धाकटीने विचारलं.

"एकच बाजू चुरगळलेली असते."

मुली खूप हसल्या. आई मात्र ताटावरून लवकर उठल्या, भरलेला पाण्याचा पेला तसाच ठेवून. वयाप्रमाणे भूक कमी होत असेल.

९ एप्रिल

दोन संध्याकाळी फोनवर जाहिराती बघण्यात गेल्या. "समुद्र दोन मिनिटांवर" असं लिहिलेलं असतं. ती मिनिटं पक्ष्यांची असावीत. "ऐसपैस खोली" म्हणजे फोटो काढणारा कपाटात शिरून उभा राहिला. "घरगुती वातावरण" म्हणजे मालकाचा टीव्ही आपल्या खोलीत ऐकू येतो. आणि जे खरोखर चांगलं दिसतं त्याचं भाडं वाचून फोन हळूच पालथा ठेवावा लागतो.

शेवटी रेडिओला गाठलं. रेडिओ म्हणजे आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर. बंद होत नाही म्हणून रेडिओ. किनाऱ्यावरून गठ्ठे तोच आणतो, त्यामुळे कुठे पाणी येत नाही, कुठला मालक खवट, सगळं त्याला पाठ. म्हणाला, "ताई, डोळे मिटून लाल दोरा घ्या. स्वस्त आहे, माणसं सरळ आहेत."

लाल दोऱ्याच्या चादरी मला माहीत आहेत. विरलेल्या, पण स्वच्छ, आणि फाटलं तिथे नीट रफू केलेल्या. गरिबी आहे पण लाज राखून आहे. दोन खोल्या मिळत होत्या. एकीत आम्ही दोघं, दुसरीत एका मोठ्या पलंगावर आई आणि मुली. मी घरी येऊन विजयी मुद्रेने सांगितलं.

आई म्हणाल्या, "मला कुणाच्या शेजारी झोप येत नाही."

मी म्हटलं, "अहो, गेल्या वर्षापर्यंत धाकटी तुमच्याच पलंगावर झोपत होती की."

"लाथा मारते ती."

"आजी, मी?" धाकटी बिचारी बघतच राहिली. हिवाळ्यात आईंनी तिला अशीच बाहेरच्या खोलीत हलवली, तेव्हाही लाथांचंच कारण होतं. लाल दोरा गेला.

१५ एप्रिल

हिरवा दोराही गेला. प्रत्येकाला वेगळी खाट, तळमजला, भाडं आवाक्यातलं. आईंचे गुडघे लक्षात ठेवून तळमजला मीच हट्टाने मागितला होता. फक्त बाथरूम अंगण ओलांडून पलीकडे. पंधरा पावलंसुद्धा नसतील. आई म्हणाल्या, "अंधारात कोण जाणार?" मी म्हटलं दिवा आहे. त्या म्हणाल्या, दिवा असला तरी जायला वेळ लागतोच की. कुठे गाडी पकडायची होती त्यांना, कोण जाणे.

मला कळत नाही असं नाही. त्यांना यायचंच नाहीये, पण तसं म्हणायचं नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

आणखी एक. हल्ली पहाटे उठून त्या स्वतःची चादर स्वतः धुतात. मी कामावर जायच्या आधी ती गच्चीवर वाळतसुद्धा असते. लॉन्ड्रीत काम करणाऱ्या सुनेच्या घरी सासूने हाताने चादर धुवायची, याचा अर्थ शेजाऱ्यांनी काय घ्यायचा? मी एकदा म्हटलं, "आई, ठेवा ना, मी मशीनला लावते." तर म्हणाल्या, "तू दिवसभर लोकांच्या धुतेस, आणखी माझी कशाला?" हे टोमण्यात बसतं की मायेत, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जेवताना वातावरण हलकं करायला मी आजची गंमत सांगितली. दुहेरी निळ्याकडून एक चादर आली होती, घडी घालून, गादीखाली लपवलेली मालकाला सापडली म्हणे. कुणा मोठ्या माणसाने लहान मुलासारखं करून ठेवलेलं. आमच्या टेबलावर हसून हसून पोटं दुखली. मी म्हटलं, "लपवून काय होतं? शेवटी आमच्याकडे येतेच ना!" हे हसले, धाकटीने नाक मुरडलं. थोरली एकदम मला म्हणाली, "आई, जेवताना नको ना हे." हल्ली तिला फार शिष्टपणा सुचतो. नोकरी लागली की मुलांना आईबापांचे धंदे हलके वाटायला लागतात.

१९ एप्रिल

आज सोन्यासारखी संधी हातची गेली, म्हणून राग लिहून काढते.

यांच्या आतेबहिणीचा फोन आला. आईंची ती लाडकी भाची. समुद्रापासून जवळच तिने नवीन घर घेतलंय. म्हणाली, लॉज कसले शोधता, माझ्याकडे या, सगळं घर तुमचंच. नव्या गाद्या, नवे पलंग, अजून प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. म्हणजे फुकट! मला तर सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं. मी फोन आईंच्या हातात दिला, म्हटलं बोला तुमच्या भाचीशी.

आईंनी तिची, मुलांची, जावयाची सगळी चौकशी केली आणि शेवटी म्हणाल्या, "नको गं बाई. पाहुणे म्हणून तुझ्यावर भार नको. तुझ्या नव्या घरात तर नकोच." आणि फोन ठेवला.

ज्या भाचीच्या बाळंतपणाला या तीन महिने राहिल्या, तिच्यावर भार!

मी यांच्याकडे बघितलं. हे फॅनकडे बघत होते. यांना लिफ्टमध्ये अडकलेला माणूस दिसतो, घरातला दिसत नाही. मी म्हटलं, "काही बोला." हे म्हणाले, "आईला नको असेल तर नको." मग मीच ताडताड बोलले, आणि मुली उठून आत गेल्या.

२० एप्रिल

अबोला. भांडी जरा जास्त वाजली.

एक गोष्ट मात्र खरं सांगायची तर मला लागलीय. पूर्वी मी कामावरून आले की आम्ही दोघी गॅलरीत बसून चहा घ्यायचो. आई दोन कप घ्यायच्या, दुसरा "अर्धाच घाल" म्हणून पूर्ण प्यायच्या. टेबलावरच्या गमती मी आधी त्यांना सांगायचे, मग बाकीच्यांना. हिवाळ्यापासून त्यांनी संध्याकाळचा चहा सोडला. पित्त होतं म्हणतात. सकाळच्या चहाने होत नाही, संध्याकाळच्याच होतं. मी एकटीच पिते. चहाला नको, लॉजला नको, माझ्याशीच काही बिनसलंय का, हेही मनात येऊन गेलं.

२३ एप्रिल

आज सुट्टी. दुपारी गच्चीवर गेले तर थोरली आणि आई मिळून गादी उन्हात टाकत होत्या. धापा टाकत. मी विचारलं, "काय चाललंय?" थोरली म्हणाली, "ऊन दाखवतोय गं, ढेकूण होतात." माझ्या घरात ढेकूण! मी तरातरा खाली आले. आजी आणि नात आताशा फार कुजबुजतात.

२७ एप्रिल

सापडली! सापडली! रेडिओच्या तोंडात साखर पडो.

व्हॅनच्या रस्त्यावरच एक घर आहे. एक म्हातारं जोडपं, मुलं परदेशी, म्हणून तीन खोल्या भाड्याने देतात. त्यांचा आमच्याकडे दोरा नाही. लॉन्ड्री परवडत नाही आणि बाईंना आता धुणं होत नाही, म्हणून अट आहे: चादरी स्वतःच्या आणाव्यात. त्यामुळेच भाडं सगळ्यांपेक्षा कमी. तळमजला. तीन खोल्या, तिन्हींना आपापलं बाथरूम. मागे दोरी बांधलेलं अंगण, पुढे व्हरांडा, आणि समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो, असं मालकीणबाई स्वतःच म्हणाल्या. जी बाई फोनवर "दिसत नाही" म्हणते तिच्याकडे डोळे मिटून जावं.

मी फोन ठेवून बाहेरच्या खोलीत आले आणि एकेक मुद्दा मोजून दाखवला. शेजारी झोपायला नको, वेगळी खाट आहे. बाथरूम लांब नको, खोलीतच आहे. नात्यातलं नको, ओळखही नाही. धाकटी नाचायला लागली. हेसुद्धा म्हणाले, "वा." यांच्याकडून "वा" म्हणजे मेडलच.

आईंनी एकच विचारलं, "गाद्या कसल्या आहेत त्यांच्याकडे?"

मी म्हटलं, "चांगल्या आहेत. मुलाने पाठवल्यात म्हणे, महागाच्या."

आईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते."

२८ एप्रिल

घराला काय पाय फुटणार आहेत, सांभाळायला? मी हेच म्हटलं. आणखीही म्हटलं. तुम्हाला नातीचं काही नाही, स्वतःचा हट्ट तेवढा खरा, असं म्हटलं. आई मूग गिळून बसल्या. एक शब्द उलट बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

थोरली रडत म्हणाली, "आजी नसेल तर मीही येणार नाही. तू तिला बोलू नकोस."

"मग तूच विचार आजीला, का येत नाही ते."

थोरलीने आजीकडे बघितलं. आजीने मान हलवली, नाही म्हणून. थोरली डोळे पुसत आत गेली.

मालकीणबाईंना अजून "नाही" असं कळवलेलं नाही. दोन तारखेपर्यंत थांबते म्हणाल्यात.

२ मे

सकाळी मला वाटलं, नाही म्हणायच्या आधी निदान चादरी तरी बघून ठेवू. आशा वाईट. कपाटातल्या, पलंगांवरच्या, दोरीवरच्या, सगळ्या चादरी काढल्या. आमच्या घरात पाचही चादरी सारख्या आहेत. मागच्या वर्षी दुहेरी निळ्याने कापड बदललं तेव्हा उरलेल्या कोऱ्या चादरी मी एकदमच स्वस्तात आणल्या, गर्द निळ्या, बारीक पांढरी पानं. एकाच ताग्यातल्या.

पाचही घडी करून एकावर एक ठेवल्या. चार गर्द निळ्या. पाचवी जवळजवळ आभाळी.

माझा हात आपोआप तिच्यावर गेला. रोजचं कामच आहे ते. कापड बोटांत धरलं तर मधोमध विरलेलं, पानं पुसट झालेली. लॉजची चादर इतकी उतरायला पूर्ण सीझन लागतो, रोजची धुलाई धरून. आईंची चादर. पहिला विचार आला तो असा, की केवढा साबण गेला असेल! मग मी पलंगावर बसले.

रोज धुतली. रोज का धुतली?

शेजारी कुणी नको. बाथरूमला वेळ लागायला नको. भाचीच्या नव्या गाद्या नकोत, परक्याच्या महागड्या नकोत. पाणी नको, चहा नको. गादीला ऊन. मी आईंच्या पलंगाची गादी उचलून बघितली. दोन्ही बाजूंनी घासून धुतल्याच्या खुणा होत्या, आणि खाली धाकटीचं तान्हेपणीचं मेणकापड, माळ्यावरून काढलेलं, गाडीचं चित्र असलेलं.

आईंना रात्री लघवी आवरत नाही. हिवाळ्यापासून. एवढंच आहे ते, आणि हे एवढंसं मला पाच महिने दिसलं नाही. चादर बघून माणूस सांगते म्हणे मी. दिव्याखाली अंधार म्हणतात, तर तो दिवा मीच.

सगळ्यात वाईट म्हणजे मला त्या गमती आठवायला लागल्या. गादीखाली लपवलेली चादर. आमच्या टेबलावरचं हसू. आईंसमोर वाढून ठेवलेलं जेवण, आणि वर माझं, "लपवून काय होतं?" मला इतकी लाज वाटली की मी चादरीत तोंड घालून रडले. साबणाचा वास येत होता, बाकी कशाचा नाही. आईंचा हात स्वच्छ आहे.

दुपारी मालकीणबाईंना फोन करून सांगितलं, आम्ही येतोय. पाचही जण.

३ मे

आईंशी काही बोलले नाही. काय बोलणार? "मला कळलं" म्हटलं की त्यांचं होतं नव्हतं ते गेलं. त्यांनी इतके महिने जीव आटवून जे झाकलं ते मी दोन शब्दांत उघडं करायचं, आणि वर त्याला माया म्हणायचं? नको.

पण पाच चादरी दोरीवर वाळत घातल्या आणि चार गर्द, एक फिकी, तर आंधळ्यालाही दिसेल. म्हणून घरच्या चार चादरी पिशवीत भरून कामावर नेल्या. त्यांच्या जागी जुन्या फुलाफुलांच्या घातल्या. कुणी विचारलं नाही. माझ्या घरात चादरींबद्दल मला विचारायची कुणाची छाती नाही.

६ मे

रोज सगळं काम आटोपलं की माझ्या चार चादरी गरम पाण्याच्या मशीनला लावते. काढते, पिळते, परत लावते. आज रंग उडवायचं औषध थोडं जास्त घातलं. आजवर रंग टिकवायचंच शिकले, उतरवायचं काम पहिल्यांदा करतेय, आणि ते सोपं नाही. फार झालं तर डाग दिसतात, कमी झालं तर फरक राहतो. आईंनी हाताने सावकाश जे केलंय ते मशीनने घाईत करायला बघतेय.

रेडिओने पाहिलं. "ताई, चांगल्या चादरींची का वाट लावताय?"

"रंग आवडत नाही."

"मग नवीन घ्या ना."

"तू गठ्ठे उतरव."

जाताना औषधांच्या दुकानात गेले. मेणकापड मागितलं, मोठ्या खाटेचं, पाच तुकडे. दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "पेशंट किती?"

"पाच."

"सगळ्यांनाच?"

"घराणंच तसं आहे," मी म्हटलं. त्याने अतिशय सहानुभूतीने बांधून दिलं.

८ मे

आज जेवताना तोफ डागली.

मी म्हटलं, "जागा मी पक्की केलीय. पण मला त्या गाद्यांचा भरवसा नाही. महाग असल्या म्हणून काय झालं, आतापर्यंत कोण कोण झोपून गेलं असेल! आमच्या धंद्यात राहून माझं मन विटलंय. प्रत्येकाच्या गादीवर आधी मेणकापड, मग चादर. पाचही जणांच्या. त्याशिवाय मी कुणाला झोपू देणार नाही."

"मेणकापड?" धाकटी ओरडली. "मी काय बाळ आहे?"

"आणि पाचही चादरी रोज सकाळी मी धुणार. खारं वारं असतं, अंग चिकट होतं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मला दुसऱ्याने धुतलेली चादर चालत नाही."

हे म्हणाले, "अगं, सुट्टीत चादरी धुणार तू?"

"माझी सुट्टी आहे, मी धुवीन नाहीतर फाडीन. आणि आईंना वेगळी खोली. त्या घोरतात."

"मी घोरते?" आई म्हणाल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलल्या.

"घोरता. भिंती हलतात."

यांनी तोंड उघडलं होतं, मी टेबलाखालून पाय दाबला. थोरली पानावरून मान वर न करता म्हणाली, "हो आजी, घोरतेस तू." तिचे कान लाल झाले होते.

आईंनी माझ्याकडे बघितलं. चांगला वेळ बघितलं. मी भाजी वाढून घेत राहिले, नको होती तरी. मग त्या उठल्या, हात धुतले आणि आत गेल्या. मला वाटलं, फसलं. कळलं त्यांना, आता काही त्या येत नाहीत.

९ मे

सकाळी उठले तर आईंची जुनी बॅग गच्चीवर उघडी करून ठेवली होती, उन्हात. वास जायला.

चादरी घरी आणल्या. आईंची आभाळी चादर धुऊन वाळत होती, ती शेजारी धरून बघितली. उन्हात बघितली, सावलीत बघितली. जमलं.

१३ मे

काल पोचलो. घर मालकीणबाईंनी सांगितलं होतं तसंच निघालं, समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो. त्या फोनवर बोलल्यापेक्षा जास्त म्हाताऱ्या आहेत. त्यांनी आमच्याकडच्या मेणकापडांची गुंडाळी बघितली आणि जरा दुखावल्या. "माझ्या गाद्या स्वच्छ आहेत हो." मला वाईट वाटलं. त्यांच्या गाद्या आमच्या घरच्यापेक्षा स्वच्छ आहेत. पण मी नाक वर करून म्हटलं, "माझा स्वभावच तसा आहे." वाईट व्हायचं तर पूर्ण व्हावं.

रात्री सगळ्या घरात चुरचुर ऐकू येत होतं. कूस बदलली की चुरचुर. सकाळी हे म्हणाले, "पापडावर झोपल्यासारखं वाटलं." धाकटी म्हणाली, तिला घाम आला आणि तिला घटस्फोट हवाय, आईपासून. आई चहा घेत होत्या. त्यांना हसू आवरेना. कप खाली ठेवावा लागला.

मी तोवर पाचही चुरगळलेल्या चादरी गोळा करून मागच्या अंगणात धुवायला नेल्या होत्या. आईंच्या खोलीत शिरताना मी मोठ्याने गाणं म्हणत गेले, आणि त्यांची चादर न बघताच बाकीच्यांत मिसळून टाकली. बादलीत पडल्यावर सगळ्या सारख्याच ओल्या.

१४ मे

थोरली आणि मी वाळूत चाललो होतो. ती एकदम म्हणाली, "आता मी निवांत जाईन." मी म्हटलं, "नोकरीचं टेन्शन होतं का?" ती म्हणाली, "नोकरीचं नाही गं." आणि माझा दंड धरून चालत राहिली. तिला कधीपासून माहीत होतं हे मी विचारलं नाही. गादी जिन्यावरून एकट्या आजीने नेली नसणार, एवढं मला आता कळतं. आणि जूनमध्ये ती गेल्यावर कुणी नेली असती, याचाच घोर तिला लागला होता. तिला मी शिष्ट म्हटलं होतं.

१५ मे

उद्या निघायचं. संध्याकाळी मी मागच्या अंगणात चादरी काढायला गेले तर आई दोरीपाशी उभ्या होत्या. पाचही चादरी वाऱ्यावर फुगल्या होत्या. आई एकीचं टोक हातात घ्यायच्या, बघायच्या, सोडायच्या, दुसरीचं घ्यायच्या. टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"यातली माझी कुठली गं?"

मी चिमटे काढत होते. म्हटलं, "नाही सांगता येत."

"तुला?"

"मला."

त्या पुन्हा दोरीकडे वळल्या. मला वाटलं, आता काही तरी बोलतील, आणि मला भीती वाटली, कारण मला रडू आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं काय केलंस त्या टेबलावर?"

"तेच ना."

आम्ही दोघींनी मिळून घड्या घातल्या. दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे, जवळ यायचं, लांब जायचं. शेवटची घडी हातात देताना त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे हॉस्पिटलच्या पण चादरी येतात ना? तिथे बायकांची कुणी डॉक्टर आहे का, बाईच असलेली?"

"आहे. चांगली आहे. घरी गेलो की जाऊ या, आपण दोघीच."

"हं," त्या म्हणाल्या.

व्हरांड्यात मी चहा आणला. यांना दिला, स्वतःचा ओतला. सवयीने किटली खाली ठेवत होते, तर आईंनी शेजारचा रिकामा कप उचलून माझ्यापुढे धरला.

"अर्धाच घाल," त्या म्हणाल्या.

मी पूर्ण भरला, आणि त्या सगळा प्यायल्या.